प्रयोगशाळेतली सुरक्षितता: जबाबदारी नेमकी कोणाची, आणि ती पार कशी पाडायची

२९ डिसेंबर २००८ रोजी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २३ वर्षांची एक संशोधन सहायक टर्ट-ब्यूटिल लिथियम सिरिंजने बाटलीतून काढून घेत होती. हवा लागताच पेट घेणारं रसायन. सिरिंजचा दट्ट्या निसटला आणि द्रव अंगावर सांडला. अंगात कृत्रिम धाग्यांचा स्वेटर होता, अ‍ॅप्रन नव्हता. अठरा दिवसांनी ती गेली.

ही घटना रसायनशास्त्राच्या बहुतेक विद्यार्थ्यांना कधी ना कधी सांगितली जाते, पण ती रसायनाची गोष्ट म्हणून. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त अस्वस्थ करते. त्या लॅबची तपासणी सुमारे दोन महिने आधीच झाली होती आणि लोक अ‍ॅप्रन घालत नाहीत, हे अहवालात नोंदवलेलं होतं. अहवाल लिहिला गेला, पण त्याचं पुढे काही झालं नाही. पुढे २०११ मध्ये प्राध्यापकांवर आणि विद्यापीठावर फौजदारी आरोप ठेवले गेले. प्राध्यापकांचं प्रकरण २०१४ मध्ये समझोत्याने मिटलं.

विद्यापीठात सुरक्षेचे नियम कमी असतात असं सहसा नसतं. नियमापुढे माणसाचं नाव नसतं. सगळ्यांचं काम ते कुणाचंच नाही, हे घरातही खरं आणि लॅबमध्येही. म्हणून हा लेख नियमांची यादी देण्यासाठी नाही. कोणतं काम कोणाच्या नावावर टाकायचं आणि त्या माणसाने ते प्रत्यक्षात कसं करायचं, ते इथे पायरीपायरीने लिहिलं आहे. नवी लॅब उभी करणाऱ्या प्राध्यापकांना, विभागप्रमुखांना आणि नुकतंच पीएचडीला लागलेल्या मुलामुलींना तो उपयोगी पडावा.

आधी एक फरक समजून घ्या

कारखान्यात तीच प्रक्रिया वर्षानुवर्षं चालते, माणसंही बरीचशी तीच असतात. संशोधनात आज केलेलं काम उद्या बदलतं आणि चार-पाच वर्षांत सगळी मुलं बदलून जातात. त्यांच्याबरोबर कोणती बाटली कशी उघडायची, कोणत्या पंपाचा आवाज बदलला की थांबायचं, हे ज्ञानही निघून जातं. त्यात विद्यार्थी म्हणजे कर्मचारी की नाही, हा कायद्यातला प्रश्न वेगळाच. अमेरिकेतला प्रयोगशाळांसाठीचा १९९० चा नियम कर्मचाऱ्यांना लागू होतो, विनावेतन शिकणाऱ्या विद्यार्थ्याला नाही. पण आग लागली तर ती हजेरीपट पाहत नाही. तेव्हा पहिला निर्णय विद्यापीठाने स्वतःहून घ्यावा: लॅबमध्ये पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला, पगारी असो वा नसो, संरक्षण सारखंच.

पायरी १: जबाबदारीचा कागद तयार करा

एक पान पुरतं. डावीकडे काम, मग एकाच माणसाचं नाव, तो रजेवर असेल तेव्हाचं दुसरं नाव, आणि काम किती दिवसांनी करायचं ते. ‘विभाग’, ‘समिती’, ‘सर्व संबंधित’ असे शब्द या कागदावर येऊ देऊ नका.

कुलगुरूंच्या वाट्याला दोन गोष्टी येतात: पैसा आणि अधिकार. फ्यूम हूडची (विषारी वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटाची) दुरुस्ती वर्षभर मंजुरीत अडकली असेल तर त्याचं उत्तर त्यांनी द्यायचं, लॅब असिस्टंटने नाही. विभागप्रमुखांनी इमारत, सामायिक जागा, वर्कशॉप आणि स्टोअर पाहायचं, आणि प्रत्येक गाईडचा कागद पूर्ण आहे ना याची खात्री करायची. सुरक्षा कार्यालय सल्ला देतं, तपासतं, प्रशिक्षण देतं आणि धोका समोर दिसला तर काम बंद पाडतं. पण तुमच्या लॅबची रोजची सुरक्षितता ते चालवू शकत नाही. ‘सेफ्टीवाले बघतील’ हे वाक्य ज्या विभागात ऐकू येतं, तिथे कोणीच बघत नसतं.

सगळा भार येऊन टेकतो तो गाईडवर. काय करायचं हे तेच ठरवतात, कोणी करायचं हेही तेच, आणि शोधनिबंधावर शेवटचं नाव त्यांचंच असतं. म्हणून प्रयोगाच्या धोक्याची जबाबदारीही त्यांचीच. सीनियर विद्यार्थ्याला कामं वाटून द्यावीत, जरूर द्यावीत. पण काम वाटलं म्हणून जबाबदारी वाटली जात नाही. ज्या गाईडने महिनाभरात स्वतःच्या लॅबमध्ये पाय ठेवलेला नाही, त्यांची सही या कागदावर असून काही उपयोग नाही.

विद्यार्थ्याच्या वाट्याला काय? शिकवलेल्या पद्धतीने काम करणं, बदल करण्याआधी विचारणं, बिघडलेलं दिसलं तर सांगणं, आणि शेजारच्या टेबलावर कोण काय करतंय याचं भान ठेवणं.

एक गट नेहमी सुटतो: सफाई कामगार, वायरमन, एसी दुरुस्तीला येणारे कंत्राटी लोक, वरच्या मजल्यावर बसणारे कारकून. १९७८ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये देवीच्या विषाणूवर संशोधन चालायचं. त्या लॅबच्या वरच्या मजल्यावर काम करणाऱ्या वैद्यकीय छायाचित्रकार महिलेला देवी झाली आणि ती दगावली. जगात देवीने झालेला तो शेवटचा मृत्यू. विषाणू तिच्यापर्यंत कसा पोहोचला हे निर्विवादपणे कधी ठरलंच नाही. ती त्या प्रयोगात कुठेच नव्हती. तुमच्या कागदावर अशा माणसांसाठी एक ओळ हवी: खोली साफ करायच्या आधी त्यांना कोण सांगणार, काय सांगणार, कशाला हात लावायचा नाही हे त्यांच्या भाषेत कोण समजावणार.

पायरी २: लॅबमधून एक फेरी मारा आणि यादी करा

स्टॉक रजिस्टरवर विसंबू नका. रजिस्टरमध्ये नसलेल्या बाटल्या कपाटाच्या मागच्या रांगेतच असतात. दोघांनी मिळून, एकाने बोलायचं आणि एकाने लिहायचं. प्रत्येक बाटलीचं नाव, प्रमाण, आल्याची तारीख, उघडल्याची तारीख. इथर आणि टेट्राहायड्रोफ्युरान यांच्याबाबतीत तारीख म्हणजे जीवनमरणाची गोष्ट आहे. हवेच्या संपर्काने त्यांत पेरॉक्साइड साचतात आणि वाळले की धक्क्यानेही फुटू शकतात. झाकणाभोवती स्फटिक दिसले तर झाकण फिरवू नका, बाटली हलवू नका. खोली रिकामी करा आणि सुरक्षा कार्यालयाला बोलवा.

रसायनांची मांडणी अक्षरांच्या क्रमाने केलेली असेल तर ती मोडा. नायट्रिक आम्ल आणि सेंद्रिय द्रावकं क्रमाने शेजारी आली म्हणून शेजारी ठेवायची नसतात.

मग गॅस सिलिंडर. प्रत्येकाला साखळी आहे का, वापरात नसलेल्याला टोपी आहे का. त्यानंतर जैविक नमुने, लेझर, किरणोत्सारी स्रोत, फिरणारी यंत्रं. यादीत रोजच्या, दिसायला निरुपद्रवी गोष्टीही घ्या: तासन्‌तास पिपेटिंग करून दुखणारा अंगठा, सूक्ष्मदर्शकावर वाकून धरलेली मान, उंदरांची देखभाल करणाऱ्यांना हळूहळू जडणारी अ‍ॅलर्जी. यांच्याकडे अपघात म्हणून कोणी पाहत नाही, म्हणून ती दुखणी वर्षानुवर्षं अंगावर काढली जातात.

द्रव नायट्रोजनचं गणित मात्र प्रत्येक लॅबने स्वतः मांडावं. एक लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद, अडीच मीटर उंच खोलीत ३०,००० लिटर हवा मावते. दहा लिटर नायट्रोजन सांडला तर ७,००० लिटर वायू तयार होतो, तेवढी हवा बाहेर ढकलली जाते आणि ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांच्या आसपास येतो. १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की धोक्याची घंटा वाजायला हवी, असं मानलं जातं. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, गुदमरल्याची जाणीवही होत नाही. खिडकी नसलेल्या खोलीत तो ठेवायचा असेल तर ऑक्सिजन मोजणारं यंत्र आधी बसवा, टाकी नंतर आणा. आणि भरलेल्या टाकीसोबत लिफ्टमध्ये माणूस पाठवू नका.

पायरी ३: प्रयोगाआधी धोका कागदावर मांडा

इथे घाई करू नका. मी सुरक्षेची कामं जवळून पाहिली त्या काळात ‘रिस्क असेसमेंट’ म्हणून आलेले बहुतेक कागद एकमेकांच्या नकला असायचे. नाव बदललेलं, तारीख बदललेली, बाकी सगळं तेच. असा कागद नसलेला बरा. निदान काम झालं आहे असा भ्रम तरी होत नाही.

खरा कागद पाच प्रश्नांची उत्तरं देतो. काय वापरणार? किती वापरणार? काय बिघडू शकतं? बिघडलं तर पहिल्या मिनिटात मी काय करणार? आणि प्रमाण किंवा तापमान बदलायचं झालं तर कोणाला विचारणार?

दुसरा आणि पाचवा प्रश्न किती महत्त्वाचे, हे जानेवारी २०१० मध्ये टेक्सास टेक विद्यापीठात दिसलं. निकेल हायड्रझिन परक्लोरेट हा स्फोटक पदार्थ एका वेळी १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त बनवायचा नाही, असं त्या गटात ठरलेलं होतं. ठरलेलं होतं ते तोंडी. विद्यार्थ्यांनी सुमारे १० ग्रॅम बनवला, म्हणजे शंभरपट. खलबत्त्यात गाठी फोडून झाल्यावर विद्यार्थ्याने गॉगल काढला, आणि पुन्हा एकदा ढवळावं म्हणून तो परत आला. स्फोटात त्याची तीन बोटं गेली, डोळ्याला इजा झाली. ती मुलं निष्काळजी नव्हती. मर्यादा कुठेही लिहिलेली नव्हती, हा दोष होता. म्हणून कागदावर आकडा लिहा: इतक्या ग्रॅमपर्यंत मी स्वतः करीन, त्यापुढे गाईडची नवी सही. प्रमाण दुप्पट झालं तरी कागद नव्याने करा. भांडं मोठं झालं की उष्णता बाहेर पडायला वाव कमी उरतो, म्हणून छोट्या भांड्यात शांत वाटलेली अभिक्रिया मोठ्या भांड्यात हाताबाहेर जाऊ शकते.

धोका कमी करण्याचे उपाय एका ठरलेल्या क्रमाने शोधायचे असतात. तो पदार्थ टाळता येईल का? नाही, तर सौम्य पर्याय आहे का? तोही नाही, तर मध्ये भिंत उभी करता येईल का, म्हणजे फ्यूम हूड, स्फोटरोधक ढाल, यंत्रावरचं आवरण? मग कामाची पद्धत आणि वेळ. हातमोजे, गॉगल, अ‍ॅप्रन सर्वांत शेवटी. बहुतेक लॅबमध्ये विचार सुरूच हातमोज्यांपासून होतो.

हातमोज्यांवर किती विसंबायचं, याचं उत्तर डार्टमथ कॉलेजमधल्या १९९६ च्या घटनेने दिलं. विषारी धातूंच्या अभ्यासातल्या जाणत्या प्राध्यापिका फ्यूम हूडमध्ये, लेटेक्सचे मोजे घालून डायमिथाइल मर्क्युरी हे पाऱ्याचं अतिविषारी संयुग हाताळत होत्या. थेंब-दोन थेंब मोज्यावर पडले. हे रसायन लेटेक्समधून काही सेकंदांत आरपार जातं, हे नंतरच्या चाचणीत कळलं. लक्षणं दिसायला महिने लागले आणि जून १९९७ मध्ये त्या गेल्या. तेव्हा ‘हातमोजे घालावेत’ एवढं लिहून भागत नाही. कोणत्या रसायनाला कोणत्या द्रव्याचा मोजा आणि तो किती मिनिटं टिकतो, हे उत्पादकाच्या तक्त्यातून पाहून लिहा.

सेफ्टी डेटा शीटचे, म्हणजे रसायनासोबत उत्पादक देतो त्या माहितीपत्रकाचे, १६ भाग असतात. सगळे वाचायला वेळ नसेल तर निदान चौथा (प्रथमोपचार), सातवा (हाताळणी आणि साठवण), आठवा (संरक्षण) आणि दहावा (कशाशी संयोग धोक्याचा) वाचल्याशिवाय बाटली उघडू नका. हायड्रोफ्लुओरिक आम्ल वापरायचं असेल तर त्याच्या भाजण्यावर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल आधी हाताशी ठेवा, त्याची मुदत तपासा, मग आम्ल मागवा.

पायरी ४: शिकवणं म्हणजे व्याख्यान नव्हे

सत्राच्या सुरुवातीचं दोन तासांचं व्याख्यान लागतंच, पण त्यावर कोणाला कामाला सोडू नका. धोक्याच्या प्रत्येक कामासाठी तीन टप्पे ठेवा: नवख्याने बघायचं, मग जाणत्याच्या देखरेखीखाली करायचं, मग जाणत्याने नुसतं उभं राहून बघायचं. तिसऱ्या वेळी एकदाही टोकावं लागलं नाही, तरच त्याच्या नावापुढे सही. सही त्या कामापुरती, सगळ्या लॅबसाठी नाही.

हवेत पेटणारं रसायन हाताळायला शिकवायचं असेल तर पहिल्या खेपेला सिरिंजमध्ये साधं द्रावक घ्या. हात बसला की मगच खरं रसायन.

पायरी ५: आठवड्याची फेरी

दर आठवड्याला, ठरलेल्या दिवशी, अर्धा तास. फ्यूम हूडच्या तोंडाशी हवेचा वेग साधारण सेकंदाला अर्धा मीटर हवा. मोजायचं यंत्र नसेल तेव्हा टिश्यूची पट्टी आत ओढली जाते का, एवढं तरी बघा. सरकती काच खुणेच्या वर नको, काम कडेपासून १५ सेंटिमीटर आत हवं. हूडचा वापर बाटल्या साठवायला होत असेल तर हवेचा मार्गच बंद होतो.

आयवॉश, म्हणजे डोळे धुण्याचा फवारा, प्रत्यक्ष सुरू करून पाहा. नळीतलं साचलेलं गढूळ पाणी आज मोरीत गेलेलं बरं, उद्या कोणाच्या डोळ्यात जाण्यापेक्षा. तिथवर दहा सेकंदांत पोहोचता आलं पाहिजे, आणि तेही डोळे मिटून. वाटेत खोकी ठेवलेली असतील तर ती अडचणच.

फेरीत सापडलेल्या प्रत्येक दोषापुढे तीन गोष्टी लिहा: कोण दुरुस्त करणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि तोवर ते काम बंद आहे की चालू. हा तिसरा रकाना बहुतेक नमुन्यांत नसतो आणि नेमकी तिथेच फट राहते. तारीख उलटली तर कागद आपोआप विभागप्रमुखांकडे जायला हवा. लॉस एंजेलिसच्या त्या अहवालाला अशी वाट असती तर अ‍ॅप्रन डिसेंबरच्या आधी आले असते, असं मला मनापासून वाटतं.

पायरी ६: रात्र आणि एकटेपणा

एप्रिल २०११ मध्ये येल विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये रात्री एकटी काम करणारी विद्यार्थिनी लेथमध्ये (धातू फिरवून कापायच्या यंत्रात) केस अडकून दगावली. यंत्र बंद करायला जवळ कोणी नव्हतं.

रात्री काम करूच नका, हा नियम संशोधनात टिकत नाही आणि न टिकणारा नियम बाकीच्या नियमांनाही पोखरतो. त्याऐवजी कामाचे तीन भाग करा. लिखाण, संगणक, साधं मोजमाप: एकट्याने चालेल. साधारण रासायनिक काम: हाकेच्या अंतरावर दुसरं माणूस हवं. फिरणारी यंत्रं, उच्च दाब, पेटणारी किंवा अतिविषारी रसायनं, उच्च व्होल्टेज: एकट्याने कधीच नाही, शोधनिबंधाची मुदत उद्या संपत असली तरी नाही. वर्कशॉपचं कुलूप संध्याकाळी लावलं जाईल आणि किल्ली प्रशिक्षित माणसाकडेच राहील, अशी सोय करा.

पायरी ७: तब्येतीची गोष्ट खाजगी ठेवून विचारा

२००९ मध्ये शिकागो विद्यापीठातले एक संशोधक प्लेगच्या कमकुवत केलेल्या जिवाणूने दगावले. तो जिवाणू कमकुवत होता कारण त्याला शरीरातलं लोह नीट घेता येत नव्हतं. पण त्या संशोधकांना शरीरात लोह साचण्याचा आनुवंशिक आजार होता, आणि तो मृत्यूनंतरच कळला. निरोगी माणसाला सुरक्षित असलेलं काम प्रत्येकाला सुरक्षित असेलच असं नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोलण्याची सोय हवी: गरोदरपण, दमा, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, लसी. बोलणं डॉक्टरांपाशीच राहील. गाईडला फक्त ‘हे काम करू शकते’ किंवा ‘हे काम नको’ एवढंच कळेल.

पायरी ८: अपघात झाला तर, आणि होता होता राहिला तर

डोळ्यात किंवा अंगावर रसायन: निदान १५ मिनिटं वाहतं पाणी, भिजलेले कपडे लगेच उतरवायचे. लाजेपोटी शॉवरखाली कपडे न काढणं ही फार माणसासारखी चूक आहे, म्हणून शॉवरजवळ पडदा आणि चादर ठेवा. सुई टोचली तर साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, आणि त्याच तासात डॉक्टरांकडे जा. एचआयव्ही प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी बरी. दवाखान्यात जाताना सेफ्टी डेटा शीट सोबत न्या.

होता होता टळलेल्या प्रसंगांची नोंद ही याहून अवघड गोष्ट. टेक्सास टेकमध्ये त्याच गटात आधीही छोटे प्रसंग घडले होते, पण ते लिहून ठेवून इतरांना सांगितले गेले नव्हते. नोंद होत नाही, कारण नोंद करणाऱ्याला आधी विचारलं जातं, ‘तू काय केलंस?’ पहिला प्रश्न ‘काय झालं?’ असा असू द्या. नोंदवहीत नाव ऐच्छिक ठेवा आणि दर महिन्याच्या बैठकीची सुरुवात त्यातल्या एका नोंदीने करा.

पायरी ९: ‘थांबते’ म्हणण्याचा हक्क लिहून द्या

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात म्हटलं आहे की, गंभीर आणि तातडीचा धोका आहे असं मानायला सबळ कारण असेल आणि कामगार तिथून बाजूला झाला, तर त्याला त्याची अवाजवी शिक्षा होता कामा नये. पीएचडीच्या विद्यार्थ्याचं मात्र अवघड असतं. शिफारसपत्र, शिष्यवृत्ती, प्रबंध, सगळं एकाच माणसाच्या हातात. ‘सर, मला हे करायला भीती वाटते’ हे वाक्य उच्चारायला किती बळ लागतं, हे त्या खुर्चीत बसलेल्यालाच कळतं. म्हणून हक्क तोंडी ठेवू नका. विद्यापीठाच्या धोरणात लिहा आणि गाईडला वगळून बोलता येईल अशा एका माणसाचं नाव आणि फोन लॅबच्या दारावर लावा. गाईडनेही पहिल्या दिवशी स्वतःच्या तोंडाने सांगावं: काम थांबवलंस तर मी रागावणार नाही, आधी मला हाक मार.

पायरी १०: कचरा, आणि निघून जाणारी माणसं

कचऱ्याच्या बाटलीवर पूर्ण नाव, तारीख, धोका. ‘वेस्ट’ एवढंच लिहिलेली बाटली कोणी उचलायची? नायट्रिक आम्ल सेंद्रिय द्रावकांच्या बाटलीत कधीही ओतू नका. वायू साचून बंद बाटली फुटते, कधी कधी काही तासांनी, खोलीत कोणी नसताना किंवा नेमकं कोणीतरी असताना.

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगार बाजारातले कामगार किरणोत्साराने आजारी पडले, एकाचा मृत्यू झाला. त्या भंगारात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी स्रोत असलेलं गॅमा इरॅडिएटर (नमुन्यांवर गॅमा किरण सोडणारं यंत्र) होतं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं ते यंत्र १९८५ पासून वापरात नव्हतं आणि नको असलेल्या सामानाबरोबर त्याचाही लिलाव झाला होता. पंचवीस वर्षांत त्या यंत्राची ओळख विभागाच्या आठवणीतून पुसली गेली.

म्हणून विद्यार्थी, पोस्टडॉक किंवा निवृत्त होणारे प्राध्यापक लॅब सोडताना एक फेरी सक्तीची करा. जाणाऱ्याने आणि लॅबची जबाबदारी घेणाऱ्याने सोबत फिरायचं. फ्रीज उघडायचा, फ्रीझरचा तळ बघायचा, कपाटाची मागची रांग पुढे काढायची. प्रत्येक बाटली, नमुना, सिलिंडर आणि स्रोत यांच्यापुढे एक तर नव्या माणसाचं नाव लिहायचं, नाहीतर विल्हेवाटीची तारीख. यादी संपली की दोघांच्या सह्या, एक प्रत सुरक्षा कार्यालयात. नो ड्यूजवरची सही त्यानंतर.